घरपोच पाकीट बंद झालं आणि छकुली सापडली: एका अंगणवाडीचं प्रकरण

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका, सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात काम करते. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे दिलेल्या भागात, २६ अंगणवाड्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या तरी डोंगरावरच्या वाड्यांत. हे प्रकरण त्यातल्याच एका वाडीचं. मुलीचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही, इथे तिला छकुली म्हणते. तिच्या आईला आणि आज्जीला विचारूनच लिहितेय. आईने सगळं वाचून घेतलं आणि आज्जी एवढंच म्हणाली, "लिवताना त्या गिराणाचं बी लिवा, माज्या सुनंला लई बोललेत लोक." ते ग्रहणाचंही लिहिणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. दिव्यांग मुलाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच जनजागृती, प्रभातफेरी, फलक, भाषणं सुरू होतात. मला या तीन वर्षांत असं दिसलं की गावातल्या माणसाला त्याच्या हाताला जमणारं एक नेमकं काम सांगितलं ना, की तो येतो, आणि काम करता करता त्याला मूलही समजायला लागतं. छकुली अंगणवाडीत आली ती सुतारामुळे, वडापवाल्यामुळे म्हणजे शेअर जीपवाल्यामुळे, खिचडी शिजवणाऱ्या काकूंमुळे आणि सगळ्यात जास्त तिच्या आज्जीमुळे.

सापडली कशी

जून २०२३ ची गोष्ट. सहा महिने ते तीन वर्षांच्या पोरांना आपण घरपोच आहार देतो, टीएचआरची पाकिटं. तीन वर्षं पूर्ण झाली की पाकीट बंद, पुढे तीन ते सहा वर्षांच्या पोरांना गरम ताजा आहार अंगणवाडीत बसून. मी रजिस्टरं तपासत होते आणि एक नाव असं दिसलं की पाकिटाच्या यादीतून निघालंय पण अंगणवाडीच्या हजेरीत आलेलंच नाही. तिथल्या सेविका ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, "मॅडम, ती पोरगी बसत नाही ओ, तिला कुठं ठेवायचं? आज्जी पण म्हणते कशाला आणायची."

मी तिथेच थांबले कारण हे नाव कागदावर तीन वर्षं व्यवस्थित होतं. पाकीट दिलं, वजन घेतलं, लसी झाल्या, सगळ्या रकान्यांत टिक. आणि नेमकी भूक वाढायच्या वयात पाकीट बंद झालं, म्हणजे जी पोरगी चालत येऊ शकत नाही तिचा आहारच बंद, कुणी मुद्दाम केलं नाही तरी.

तपासणीचं पण तसंच झालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, आरबीएसके म्हणतो आपण, वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झालेला, जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर असं सगळं ० ते १८ वयात लवकर शोधायचं. पण पथक अंगणवाडीत बसलेल्या मुलांना तपासतं. ज्या दिवशी गाडी आली त्या दिवशी छकुली घरी वाकळेवर. ज्या मुलाला तपासणीची सगळ्यात जास्त गरज तेच मूल तिथे नाही, आणि हे असं फक्त एका वाडीत नव्हतं, नंतर मी बीटमधली सगळी रजिस्टरं याच नजरेने बघितली तेव्हा अजून दोन नावं निघाली.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि वर्षातून एकदा तरी सगळ्या मुलांची तपासणी व्हावी असंही लिहिलंय. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र ६ ते १८ वयासाठी. म्हणजे तीन ते सहा हे वय, जेव्हा मेंदू झपाट्याने शिकत असतो, ते पाकीट आणि शाळा या दोन्हीच्या मधे राहतं आणि तिथे अंगणवाडीशिवाय दुसरं कुणीच नसतं.

पहिली गृहभेट

घर चढावर. खाली रस्ता, मग दगडी पायऱ्या, मग पडवी. वडील नवी मुंबईत मार्केटला माथाडी, आमच्या भागात घरटी एक माणूस तिकडे असतोच. घरी आई, आज्जी, आजोबा आणि मोठा भाऊ दुसरीतला. छकुली मे २०२० चा जन्म, म्हणजे पूर्ण लॉकडाऊनमध्ये, सातव्या महिन्यात, वजन १४०० ग्रॅम. कराडला तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. डॉक्टरांनी सोडताना पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून दिलेल्या, त्या कागदावर अजून आहेत, पण तेव्हा एसटी बंद, पोलीस नाक्यावर अडवायचे, घरातले घाबरलेले, एकही तारीख झाली नाही. नंतर सगळं सुरू झालं तोवर घरच्यांनी मनाशी धरलं होतं की पोर उशिरा शिकंल.

मी गेले तेव्हा आज्जी तिला मांडीवर आडवी घेऊन भरवत होती. मान मागे, तोंड वर, डाळभाताचा घास वरून सोडायचा. दर तिसऱ्या घासाला ठसका. एक वाटी संपायला पाऊण तास. वजन घेतलं तर ९.२ किलो, तीन वर्षांच्या पोरीला हे तीव्र कमी वजनात जातं.

आणि तिथेच आज्जी एक वाक्य बोलली जे मी डायरीत लिहून ठेवलंय: "ही सकाळी ऊन पान्यानं आंगूळ घातली की लोण्यावानी मऊ असती, आन् गार वारं लागलं का भांडं पडलं की लाकूड हुती बगा." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. पुढे साताऱ्याला फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं की या मुलांच्या स्नायूंचा ताठरपणा थंडीने, दचकण्याने, घाईने उचलल्याने वाढतो, ऊबेने आणि सावकाश हालचालीने कमी होतो. आज्जीने हे तीन वर्षांत कुणी न सांगता ओळखलेलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आशाताईने पाठपुरावा करून पुढच्या महिन्यात साताऱ्याला सिव्हिलला नेलं. निदान सेरेब्रल पाल्सी, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे हातांपेक्षा पाय जास्त ताठ. कान चांगले, नजर ठीक, समज चांगली.

ग्रहणाचं

२६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास दिसलं. छकुलीच्या आईला तेव्हा दिवस राहिल्याचं नुकतंच कळलेलं. तिने त्या सकाळी विळीवर भाजी चिरली, नवऱ्याचा डबा होता. मुलगी अशी निघाल्यावर भावकीतल्या बायकांनी ती विळी उकरून काढली. हळदीकुंकवाला, पाणवठ्यावर, बारशाला, जिथे जाईल तिथे. तिने बारशांना जाणंच सोडलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती माझ्याशी बोलली नाही, चहा ठेवून आत निघून गेली, मला वाटलं रागावलीय. ती लाजून गेली होती, आपल्या हातून झालं असं तिने स्वतःच मान्य केलं होतं.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं की लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या आतल्या भागाच्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, तिथे रक्त नीट पोचलं नाही की पायांकडे जाणारे तंतू दुखावतात, विळीचा आणि ग्रहणाचा काही संबंध नाही. ती तिथे रडली. पण गावात हे कोण सांगणार? शेवटी आज्जीनेच सांगितलं, आरोग्य पोषण दिवसाला सगळ्या बायका लसीकरणासाठी जमलेल्या, तिथे सिस्टरने विषय काढला आणि आज्जी उठून म्हणाली की त्याच गिराणात माज्या धाकट्या लेकीला बी दिवस हुते, तिनं बी भाजी चिरली, तिचं पोरगं धावतंय की. त्यानंतर बोलणं एकदम थांबलं असं नाही, पण तोंडावर बोलायचं बंद झालं.

माझी चूक

ऑगस्टमध्ये मी पालक मेळावा लावला. आईला म्हटलं छकुलीला घेऊन या, पुढे बसवलं आणि मी उभं राहून बोलायला लागले की असं मूल आपल्या गावात आहे, आपण सगळ्यांनी त्याला स्वीकारलं पाहिजे वगैरे. चाळीस डोळे त्या पोरीकडे. आईने पदर पुढे ओढला. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. मी बोलतच होते. घरी गेल्यावर तिने आज्जीला सांगितलं, परत न्यायची नाही, आणि दोन आठवडे दार उघडलं नाही.

यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्या मुलीला माझ्या भाषणाचा विषय केलं होतं. मी घरी जाऊन माफी मागितली आणि आज्जीने जे सुचवलं ते ऐकलं. ती म्हणाली, "पोरगी तिकडं नगं, पोरं हिकडं आना की."

मला एकदम पालघर जिल्ह्यातली बोर्डी आठवली. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी तिथे गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आपण आज जो शब्द देशभर वापरतो तो तिथला. ट्रेनिंगमध्ये हे आम्हाला शिकवलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलं असतं. आणि २०२३ मध्ये एका आज्जीने ते मला परत सांगितलं.

मग सहा आठवडे, मंगळवार आणि शुक्रवार, ताई आठ-दहा पोरांना घेऊन छकुलीच्या अंगणात जायच्या. तासभर. गाणी, गोष्ट, मातीचे गोळे. छकुली आज्जीच्या पायांमधे टेकून बसायची. तिसऱ्या वेळेपासून पोरं आपणहून तिच्या शेजारी जागा पकडायला लागली, कारण आज्जी गूळ-शेंगदाणे वाटायची हे पण खरं आहे. तिला बारीक कुटून द्यायची.

ज्याचं त्याचं काम

ऑक्टोबरमध्ये आम्ही तुळशीकट्ट्याजवळ सतरंजीवर बसलो, माझ्याशिवाय सातच माणसं. आई, आज्जी, सेविका ताई, मदतनीस, आशाताई, बचत गटाच्या काकू आणि सरपंच. भाषण काही नाही. मी एकच विचारलं, छकुली सोमवारी सकाळी अंगणवाडीत आहे असं धरा, तर घरापासून तिथपर्यंत काय काय अडतं? एकेक अडचण निघाली आणि प्रत्येकीपुढे एक माणूस लिहिला.

पहिली अडचण पायऱ्या. अंगणवाडीचं जोतं दीड फूट, दोन उंच पायऱ्या. सरपंच म्हणाले रॅम्प करू. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तो आमच्याकडे दरवर्षी डबे-चादरी वाटण्यात जायचा. पंधरा दिवसांत रॅम्प झाला, सगळे खूश, पण केला पाच फुटांचा. दीड फूट उंचीला पाच फूट उतार म्हणजे घसरगुंडी. पहिल्याच अवकाळी पावसात आज्जी छकुलीला कडेवर घेऊन चढत होती, पाय सटकला, नशिबाने मदतनीसने धरलं. हिशोब साधा आहे, एक इंच उंचीला एक फूट लांबी. अठरा इंचांना अठरा फूट. समोर एवढी सरळ जागा नव्हती, मग गवंड्याने मधे सपाट जागा ठेवून काटकोनात वळवला, कडेला हाताला पाईप लावला आणि वर खरखरीत गिलावा. आधीचा फोडला तेव्हा काही जणांनी कुरकुर केली की पैसे वाया. गवंड्याने मजुरी एकदाच घेतली, दुसऱ्यांदा घेतलीच नाही. मी आता प्रत्येक ठिकाणी सांगते, रॅम्प करण्याआधी टेप लावा.

दुसरी अडचण बसणं, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण सगळं इथूनच पालटलं.

जमिनीवर बसवलं की छकुलीची पाठ कमानीसारखी मागे जायची, पायांची कात्री व्हायची आणि दोन्ही हात जमिनीला टेकलेले, तोल धरायला. हात मोकळेच नाहीत तर मूल खेळणार कशाने, चित्र काढणार कशाने? ताईंना वाटायचं हिला कळत नाही म्हणून ही वस्तू घेत नाही. तिला कळत होतं, तिचे हात कामात होते.

थेरपिस्ट बाईंनी कागदावर मापं लिहून दिली. बूड मागे टेकलं पाहिजे, कंबर, गुडघे आणि घोटे तिन्ही काटकोनात, पावलं सपाट टेकलेली. वाडीत एक सुतार नाना आहेत, सत्तरीचे, आयुष्यभर नांगर, कुळव, बैलगाडीची चाकं केलेली. त्यांनी कागद बघितला, बाजूला ठेवला, आणि म्हणाले पोरगी दाखवा. सुतळीने माप घेतलं, बुडापासून गुडघ्याच्या मागपर्यंत एक गाठ, गुडघ्यापासून टाचेपर्यंत दुसरी गाठ, काखेपर्यंत तिसरी. आंब्याच्या फळ्यांची खुर्ची झाली. पहिली खुर्ची रुंद झाली, छकुली एका बाजूला कलंडायची, तर आज्जीने दोन्ही बाजूंना वाकळेचे लोड शिवून दिले. मांड्यांच्या मधे नानांनी गोल घासलेला एक ठोकळा बसवला आणि त्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, की पायांची कात्री होऊ नये आणि टोचूही नये. पुढे लाकडी ताट, त्याला बोटभर काठ, म्हणजे वस्तू घरंगळत नाहीत.

ज्या दिवशी तिला पहिल्यांदा त्यात बसवलं त्या दिवशी मी तिथे होते. ताईंनी ताटात बाटल्यांची मोठी झाकणं ठेवली आणि एक डबा. छकुलीने दोन्ही हात वर घेतले आणि बराच वेळ नुसती हातांकडे बघत बसली. मग एक झाकण धरलं, सुटलं, परत धरलं, डब्यापर्यंत नेलं आणि डबाच सरकला. शेजारी बसलेल्या एका चार वर्षांच्या पोराने काही न बोलता डब्यावर हात ठेवला आणि धरून ठेवला. झाकण आत पडलं, टण्ण आवाज झाला. तिने त्याच्याकडे बघितलं. मग ती दोघं तो खेळ अर्धा तास खेळली. दुसऱ्या दिवसापासून ताईंनी डब्याखाली ओलं फडकं घालायला सुरुवात केली, डबा सरकायचा थांबला, पण त्या पोराने धरायचं सोडलं नाही.

आई दारात उभी होती.

जेवण आणि आवाज

आहार शिजवणाऱ्या काकूंना आम्ही एवढंच सांगितलं की सुटी मोकळी खिचडी तिला चालत नाही, दाणा घशात जातो, आणि पातळ पाणी झालं तरी ठसका लागतो. त्यांनी स्वतःच ठरवलं, सगळ्यांना वाढायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची, पळीने घोटायची, वर तूप. खुर्चीत सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, समोरून भरवायचं. स्टीलचा चमचा दाताला लागला की तिचा जबडा एकदम घट्ट मिटायचा, म्हणून प्लॅस्टिकचा चपटा चमचा. पाऊण तासाचं जेवण वीस मिनिटांवर आलं आणि पुढच्या जूनला वजन ११.४ झालं, अजूनही वयाच्या मानाने कमी आहे पण तीव्रमधून बाहेर.

आवाजाची गोष्ट आज्जीच्या त्या वाक्यातून आली. आमच्याकडे पोरांना गोळा करायला ताई ताट वाजवायच्या. ताट वाजलं की छकुली दचकायची, सगळं अंग ताठ, मग पंधरा मिनिटं हात उघडायचे नाहीत. ताईंनी ताट बंद केलं, आता त्या एक गाणं म्हणायला लागतात आणि पोरं जमतात. फायदा बाकीच्या पोरांनाही झाला, एक दोन लहानगी ताटाच्या आवाजाला रडायची ती रडायची थांबली. पावसाळ्यात तिच्या खुर्चीखाली पोतं आणि पायात लोकरीचे मोजे, आणि यायची वेळ अकराची, आंघोळ होऊन अंग सैल झाल्यावर.

भांडणंही झाली

एका आईने सरळ विचारलं, ताई एकटी, चोवीस पोरं, हिच्यामागे लागली तर आमच्या पोरांकडे कोण बघणार? काही जणांना ते वाईट वाटलं, मला तो प्रश्न बरोबर वाटला. सेविकेला दोनच हात असतात आणि त्याच हातांनी तिला रजिस्टर, मोबाईलवरचं पोषण ट्रॅकर ॲप, वजनं, सर्व्हे सगळं करायचं असतं. म्हणून बचत गटातल्या बायकांनी पाळी लावली, अकरा ते साडेबारा रोज एक जण येऊन बसणार. प्रश्न विचारणारी आईच बुधवारची पाळी घेते, आता दुसरं वर्ष.

पण पाळी कायम टिकली असं नाही. जुलैला भातलावणी सुरू झाली आणि आठवडाभर कुणीच आलं नाही, येणार कसं, लावणी थांबत नाही. त्या आठवड्यात छकुली घरी राहिली आणि पाय परत आखडले. पुढच्या वर्षी आम्ही आधीच ठरवलं, लावणी आणि काढणीच्या दिवसांत शेतात न जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका येतील. तीन आज्ज्या तयार झाल्या. त्यातली एक तर आता लावणी नसली तरी येते.

डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांचा संप सुरू झाला, राज्यभर, तो जानेवारीतही चालला. मागण्या रास्त होत्या, मानधनाचा प्रश्न खराच आहे. अंगणवाडीला कुलूप. मला वाटलं संपलं, दोन महिन्यांची मेहनत गेली. पण नाना आणि छकुलीच्या काकाने खुर्ची उचलून अंगणात नेली, काकाने बांबूचे दोन समांतर आडवे दांडे रोवले धरून उभं राहायला, आणि सहा-सात पोरं आपापली तिकडे जायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. आज्जी म्हणायची, खुर्ची हितं तर अंगनवाडी हितं.

त्याच्या थोडं आधी, २८ नोव्हेंबर २०२३ ला, केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली कार्यपद्धती, आणली. तपासून ओळखणं, कुटुंबाला आधार आणि गावात सामावून घेणं, आणि आशा, सिस्टर (एएनएम) आणि आरबीएसके पथकामार्फत पुढे पाठवणं, अशा तीन पायऱ्या. मला बरं वाटलं की आम्ही जे धडपडत करत होतो ते आता कामाचा भाग म्हणून लिहिलं गेलं. आमच्या अनुभवावरून एक मात्र सांगावंसं वाटतं, तपासणीची यादी घेऊन अंगणवाडीत बसू नका, आधी हजेरीत नसलेलं नाव शोधा आणि यादी घेऊन त्या घरी जा.

साताऱ्याची वारी आणि कागद

वाडीतून सातारा म्हणजे एसटीने पाटण, मग उंब्रजवरून पुढे, एका बाजूला तीन तास, ताठ झालेली पोरगी मांडीवर घेऊन. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर आई म्हणाली मला नाही जमणार. आशाताईने खालच्या दोन गावांतली अजून दोन मुलं शोधली, तिघांची तारीख एकच घेतली आणि एका वडापवाल्याला विचारलं. तो महिन्यातून एक दिवस पहाटे गाडी काढतो, डिझेलपुरते पैसे घेतो. तीन आया गाडीत एकमेकींशी बोलतात, आणि मला वाटतं त्या गाडीतल्या बोलण्याने जेवढं काम झालं तेवढं माझ्या गृहभेटींनी झालं नसेल. मधल्या दिवसांत ताई मोबाईलवर व्यायामाचा व्हिडिओ काढून थेरपिस्ट बाईंना पाठवतात, त्या सांगतात गुडघा असा धरा, घाई करू नका.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाला, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राला, मात्र अकरा महिने गेले. एका कार्यालयातून फाईल दोनदा परत आली कारण जन्मनोंदीत मुलीचं नावच नव्हतं, आईच्या नावाने नोंद होती, आणि आधारवर वेगळं स्पेलिंग. प्रत्येक वेळी आईचा एक दिवसाचा रोज बुडाला. शेवटी ग्रामसेवकांनी जन्मनोंद दुरुस्त करून दिली. असं मूल ज्यांच्या घरी आहे त्यांनी जन्मदाखल्यात बाळाचं नाव आधी घालून घ्या, बाकी सगळं त्यावर अडतं. कार्ड आल्यावर निरामय आरोग्य विमा काढला, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. आमच्या तालुक्यात हे किती घरांना माहीत नाही, बघून जीव तुटतो.

आज

छकुली चालत नाही. दांडे धरून आठ-दहा पावलं टाकते, मधे थकते. बोलणं अजून अस्पष्ट, पण वर बघितलं की हो आणि डोळे मिटले की नाही, हे अंगणवाडीतल्या प्रत्येक पोराला कळतं आणि नवीन आलेल्याला तीच शिकवतात. रंग ओळखते, दहापर्यंत झाकणं मोजून डब्यात टाकते, आपल्या नावाचं पहिलं अक्षर बोटाने राखेत काढते. खुर्ची दोनदा वाढवली, नाना म्हणतात आता नवीनच करावी लागेल, फळ्या सुकत ठेवल्यात.

आई मागच्या महिन्यात पुतणीच्या बारशाला गेली, छकुलीला घेऊन.

येत्या जूनला पहिली. जिल्हा परिषदेची शाळा अंगणवाडीच्या वरच्या अंगाला, चार पायऱ्या, तीन फूट उंची, म्हणजे छत्तीस फूट उतार लागणार आणि जागा नाही. मुख्याध्यापक म्हणतात पहिलीचा वर्ग मागच्या खोलीत घेऊ, तिथे जमीन समपातळीत आहे, फक्त दार अरुंद आहे आणि छपरातून एका कोपऱ्यात गळतं. गवंडी आणि सरपंच रविवारी बघायला येणार आहेत. शाळेत तिच्याबरोबर अर्धा दिवस कोण बसणार हे अजून ठरलेलं नाही, गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदाच येऊ शकतात. बुधवारवाली आई म्हणाली माझं पोरगं पण त्याच वर्गात जाणार, मी बुधवारी असेन. बाकी दिवसांसाठी परत तुळशीकट्ट्याजवळ बसायचंय, आणि या वेळी मुख्याध्यापकांनाही बोलावलंय.

रजिस्टरमध्ये जी अजून दोन नावं सापडली होती त्यातलं एक पलीकडच्या वाडीतलं पोरगं, हाकेला वळत नाही. त्याची आई छकुलीच्या आईला फोन करून विचारत होती की वडापची तारीख कधीची आहे.